शाईचा अंगठा

परेशदादा,

बोटीवर जाताना तू म्हणालास, "रोशनी, बी.कॉम. होऊन तू शेवटी मासळीच विकतेस ना? मग माझ्या हर्षालीला कॉलेज कशाला?" त्याचं उत्तर आज लिहितेय.

काल बिल्डरचा माणूस बाजारात आला. इंग्रजी कागद दाखवून त्याने सरळ शाईचा पॅड पुढे केला. माझ्या बाजूला बसणाऱ्या सगुणामावशीने अंगठा बुडवलासुद्धा. मी कागद वाचला. आम्ही बाजाराची जागा राजीखुशीने सोडतोय म्हणे! वाचायला दहावी पुरते, दादा. पण "थांबा साहेब, आधी कॉपी द्या," हे तोंडावर म्हणायला मी कॉलेजातच शिकले. मावशीने अंगठा पदराला पुसला.

हर्षालीच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे. पालक म्हणून आत्याची सही चालते, मी विचारून आलेय.

बोटीवर पत्र पोचत नाही, ते बरंच; परतलास की वाच. मी तुला विचारत नाहीये.

तुझी बहीण,
रोशनी, बी.कॉम., मासळीवाली