लांब स्लॉटचा बोर्ड

बाबा, तुमच्या कंप्युटरच्या बाबतीत मी तुमच्याशी खोटं बोललो. तेच सांगाले बसलो आहे, पण एकदम तिथून सुरुवात केली तर हात चालणार नाही, म्हणून जरा मागून येतो.

घशाचं ऑपरेशन झालं अन् तुमचा आवाज गेला. डॉक्टरनं आधी सांगितलं होतं, तरी घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही आईले हाक माराले तोंड उघडलं अन् नुसती हवा बाहेर आली. आई चुलीपाशी होती, तिले पत्ताही नाही. मी पाहिलं. पेन धरला की तुमचा हात असा थरथरे की स्वतःचं अक्षर तुम्हालेच लागत नसे. कीबोर्डवर मात्र बोटं बरोबर पडत. ऑफिसात पहिलं कंप्युटर आलं तेव्हा तुम्हालेच ट्रेनिंगले धाडलं होतं. त्याआधी टायपरायटरलेही तुम्ही कधी हात लावला नव्हता. पुढे ऑफिसनं ते जुनं डॉसचं मशीन लिलावात काढलं, तुम्ही घरी आणलं, मी हसलो. आता तेच तुमचं तोंड झालं. त्यात देवनागरी उमटवणारं वीतभर लांब कार्ड आत बसवलेलं होतं, त्याच्यावर तुम्ही मराठी लिहायचे. सारी नोकरी हिंदी पत्रं काढण्यात गेली, म्हणून मराठीतही तोच थाट. 'भाजीत मीठ कमी आढळले, योग्य कार्यवाही व्हावी.' आई चष्मा लावून मोठ्यानं वाचे अन् म्हणे, "घ्या! आता घरातही साहेबी!" मग तुम्ही आणखी एक ओळ ठोकायचे, ती आणखी चिडायची. जलमभर हा माणूस माह्याशी इतका बोलला नाही, असं ती शेजारणीले सांगे.

मग मशीनच्या आतला मुख्य बोर्ड जळाला, ज्याच्यात ते कार्ड बसे. मी खोलून पाहिलं अन् माझ्यातला दुकानदार जागा झाला. तुमच्या कार्डाले बोर्डावर जुना, लांब, काळा स्लॉट, म्हणजे बसाची खाच, लागे. नव्या बोर्डांवर तो येणंच बंद झालं होतं. चिपही मंद पाहिजे, कारण वेगवान चिपवर तुमचा प्रोग्राम पहिल्याच स्क्रीनवर आडवा होई. हार्ड डिस्क लहान पाहिजे, कीबोर्डची पिन जुनी जाड पाहिजे. म्हणजे लोक जे माझ्या दुकानात टाकून जात अन् मी भंगारात देई, तेच हुडकत फिरायचं होतं. साऱ्या बालाघाटले नवी मशीनं विकणारा मी, अन् माझ्याच घरात असा खटारा? मले लाज वाटली, बाबा. खरं सांगतो, लाजच वाटली.

मी विंडोजवालं चकचकीत मशीन आणून दिलं. हिंदीचा जो फॉन्ट सारं गाव वापरे, तो टाकला. त्यात कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, ही मांडणी टायपरायटरची, अन् तुमची बोटं कार्डाच्या मांडणीवर पक्की झालेली. तुम्ही नेहमीसारखी एक ओळ झरझर लिहिली, स्क्रीनवर भलतंच उमटलं. आईनं वाचाले तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. तुम्ही उठून जुनं कार्ड आणलं, माझ्यासमोर ठेवलं, त्याच्यावर दोनदा बोट आपटलं. मी म्हटलं, "जमाना बदलला बाबा, जिद्द नका करू. पंधरा दिवसांत शिकून जाल." ऑपरेशन करूनही रोग गेला नव्हता. ते मलेही माहीत होतं अन् तुम्हालेही. पंधरा दिवस काय फुकट पडले होते?

तुम्ही शिकले नाहीत. नव्या मशीनसमोर बसायचेही नाहीत. घरात बोलणं थांबलं. आई दोन दिवस एकटीच बोलत राह्यली, मग तीही गप्प झाली. शेवटी एक दिवस तीच मले म्हणाली, "काहून इतका अडून राह्यला तू? जुनंच आणून दे ना त्याहिले." गोंदियाच्या एका मिस्त्रीकडे जुन्या बोर्डांचा ढीग होता. त्याले फोन केला तर म्हणाला, "हौ, लांब स्लॉटवाले आहेत दोन-तीन, येऊन पाहून जा." मी तुम्हाले सांगितलं, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी सकाळीच लालबर्र्याच्या एका शाळेतून बोलावणं आलं, दहा मशीनं आजच लावून द्या म्हणून. मी लालबर्र्याले गेलो. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, "सारं गोंदिया पालथं घातलं बाबा, नाही भेटला." तुम्ही माझ्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला अन् आईले खूण केली, याले आधी जेवाले वाढ. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुम्ही वीस-एक दिवस होते. गोंदिया काही विलायतेत नव्हतं. पण बोर्ड घेऊन आलो असतो तर आधी काहून नाही भेटला, हे सांगावं लागलं असतं. म्हणून गेलोच नाही. इतकी छोटी गोष्ट होती, अन् इतकाच नीच होतो मी.

शेवटच्या दिवशी सकाळी तुमची बोटं चादरीवर चालाले लागली. आधी मले वाटलं, थरथर आहे. पण नाही; एक बोट वर जाई, दुसरं खाली येई, अंगठा मधेच जागा सोडाले दाबला जाई. आईले माझ्याआधी कळलं. तिनं माझा दंड धरला. "काय लिहून राह्यले पाहाय ना! तुले तर कंप्युटरचं सारं समजते." मी वाकून पाहत राह्यलो. बोटं थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत, म्हणजे तेच ते वाक्य असावं. आई दंड हलवून हलवून विचारत होती. मी म्हटलं, "पाणी मागून राह्यले." तिनं धावत जाऊन चमचा आणला. तुम्ही ओठ मिटून घेतले. पाणी गळ्यावरून उशीत गेलं. अन् बोटं आणखी जोरानं चालाले लागली. दुपारच्या आत ती थांबली.

आई अजूनही आल्यागेल्याले सांगते, "शेवटी पाणी मागितलं त्याहिनं, माह्या हातचं पाणी घेऊन गेले." तिचा सारा धीर त्या एका चमच्यावर आहे, म्हणून हे पत्र मी तिच्या हाती लागू देणार नाही. तुमच्या कार्डाची मांडणी मी कधी शिकलोच नव्हतो, बाबा. तुम्ही काय लिहिलं, त्यातलं एक अक्षरही मले आलं नाही.