नव्या रिमोटला शिकवताना

बाबा, काल मी एक यंत्र सरळ केलं आणि सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुमचं सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलं, टीव्ही तुम्ही पाहिलाही नाही. आता घरात रंगीत टीव्ही आहे, व्हिडिओ आहे, दोन्ही बसल्या जागेवरून रिमोटनं चालतात. रिमोट दोन, आणि तुमच्या जावयांचा हात एकच. दिवाळीनंतर लकवा मारला, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात बोलतं ठेवा. पण शब्द वाकडा येतो म्हणून हे लाजतात, चहासुद्धा खुणेनं मागतात. रिमोट चालवायला तेवढी मला हाक मारतात.

म्हणून दिरांनी दुबईहून दोघांचं काम करणारा एकच रिमोट आणला. त्याला आधी शिकवावं लागतं. जुना आणि नवा तोंडाला तोंड लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते उचलतो. असं एकेक बटण. दिरांनी दोन तास दाबादाबी केली, काही होईना.

"वहिनी, पीसच खराब आहे."

"द्या इकडं."

"पुस्तक इंग्रजीत आहे. तुम्हाले येते का?"

"तुम्हाले येते ना? मग काहून नाही होऊन राहिलं?"

मी चित्रं पाहिली. मग रिमोट पाहिला, तर त्याच्या तोंडावरच्या काळ्या काचेवर माझंच कुंकू! नवी वस्तू घरात आली म्हणून सकाळी मीच लावलेलं. जागा कपाळासारखी दिसली.

आणि मी एकदम गांधीबागेतल्या तुमच्या दुकानात. दसरा आहे, मी दहा वर्षांची, यंत्रांना हळदकुंकू लावतेय, गिऱ्हाइकाच्या रेडिओच्या काचेवर बोट टेकवते. "काचेले काहून लावलं वं? आकडे झाकले ना! जाय घरी, हे तुह्या कामाचं नाही." शाळा चौथीत सुटली होती, त्या दिवशी दुकानही सुटलं. एवढ्या लोकांना काम शिकवलंत बाबा, मला पेचकस धरू दिला नाही. तो राग मी वर्षानुवर्षं भांड्यांवर काढला.

काच पदरानं घासून पुसली. पहिलं बटण दाबलं आणि दिवा दोनदा लुकलुकला. चालू-बंद, कॅसेट पुढं, कॅसेट मागं, एकेक शिकवलं. यांच्या डाव्या हातात दिला. यांनी कॅसेट लावली, थांबवली, पुन्हा लावली, आणि अर्ध्या तोंडानं हसले. मग म्हणाले, "अवं... आवाज."

दिरांनी दाबून पाहिलं. "आवाजाचं बटण बिघडलं वाटते."

"असंल," मी म्हटलं.

बिघडलं नाही, बाबा. ते मी शिकवलंच नाही. आज यांनी चारदा हाक मारली, आणि चौथ्यांदा "अवं, आवाज वाढव ना" असं सबंध वाक्य आलं. मी उठले, वाढवला, वर दोन शब्द सुनावले.

हा कागद मी फाडणार आहे, घरात दिसायला नको. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं, असं कोणी विचारलं तर म्हणेन. पण ते अर्धंच खरं. यांनी मला हाकच मारली नाही, तर माझा दिवस जात नाही.