आक्काचा खड्डा बुजवला

वडगाव, १२ नोव्हेंबर १९३९

आज दिवसभर विजेचा माग चालला. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. जो तो म्हणत होता, घराचं नशीब उघडलं. मग मलाच का गोड लागेना?

घरात जागा नव्हती, म्हणून काल आक्काचा हातमाग मोडला आणि पाय सोडून बसायचा तिचा खड्डा मातीनं बुजवला. भावजी गेल्यापासून ती त्याच मागावर लुगडी विणायची. मागाला देव मानायची. पाय धुतल्याशिवाय कधी खड्ड्यात उतरली नाही. मला वाटलं, बहिणीच्या जिवाला आता विसावा मिळेल. तिला विचारलं मात्र नाही. का नाही विचारलं? ती नको म्हणेल, हे ठाऊक होतं म्हणूनच ना?

सकाळी ती नेहमीसारखी पाय धुऊन आली आणि बुजवलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली. ओल्या पायांना ताजी माती चिकटली.

मी म्हटलं, "आक्का, आता आराम कर गं."

"व्हय रं," ती म्हणाली, "इसरलेच बघ."

संध्याकाळी शेजारचे आप्पा तिला म्हणाले, "लई भाग्याची हाईस. आता नुसतं बसून खायचं."

ती हसली. चारचौघांत हसावं तशी. तिच्याकडं बघवेना, म्हणून मी मान खाली घातली, तर पुन्हा तिचे पायच दिसले.

सकाळची माती तिनं अजून धुतली नव्हती.