आजोबा दुसऱ्या पानावर

४ जानेवारी, सकाळी ८
नवी वही. जुनीत माझी सहाच पानं झाली होती. उरलेल्या पानांवर बायकोने शाळेचं वेळापत्रक आखून टाकलं. या घरात लेखकाच्या कागदाला किंमत नाही.

एका साहित्य संस्थेचं पत्र आलं. परदेशात राहून आपल्या भाषेत लिहिणाऱ्या तरुणांना मी मार्गदर्शन करायचं, दर दुसऱ्या रविवारी, व्हिडिओवर. पत्रात मला ‘अकरा प्रकाशित कथांचे ज्येष्ठ लेखक’ म्हटलंय. ‘ज्येष्ठ’ वाचून शिसारी आली, ‘अकरा’ वाचून त्याहून जास्त. नऊ वर्षांपूर्वी प्रकाशक म्हणाले होते, बारा झाल्या की संग्रह काढू. तेव्हाही अकराच होत्या.

संकल्प: ३१ जानेवारीच्या आत बारावी कथा. मार्गदर्शनाला पंधरवड्यातून फक्त एक तास.

बायकोला पत्र दाखवलं. ती गणित शिकवते, साहित्यातलं तिला बेताचंच कळतं. म्हणाली, अहो, नऊ वर्षांत एक कथा लिहिली नाहीत, त्या पोरांना काय शिकवणार? मी म्हटलं, पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो. म्हणाली, हो, पण तो कधीतरी ओला झालेला असतो.

१८ जानेवारी, दुपारी १२.३०
पहिला तास. विद्यार्थी दोनच. एकाचा कॅमेरा छताकडे. तासभर मी पंख्याशी बोललो. त्याचं नाव पंखा ठेवलंय. दुसरी मुलगी लाँड्रीत काम करते. कामावरूनच बसली होती, मागे दहा-बारा मशिनं गरगरत होती. तिचं नाव लाँड्री. मी शैलीबद्दल बोलत असताना कुणाच्या तरी चादरी फिरत होत्या.

लाँड्रीने विचारलं, सर, तुम्ही सध्या काय लिहिताय? म्हटलं, मोठं काहीतरी.

बारावी कथा: नाव ठरलं. ‘कुलूप’. अर्धं काम झाल्यासारखंच.

२२ जानेवारी
दोघांच्या कथा आल्या. पंख्याची एकतीस पानं, लाँड्रीची बावीस. हल्लीच्या पोरांना थांबायचं कुठे ते कळत नाही. चहा समोर ठेवून बसलो. दोन पानं होईतो चहावर साय धरली. सायीची मला किळस आहे. वाचन थांबवावं लागलं.

२५ जानेवारी, सकाळी १०
उपाय सापडला. कथास्पर्धांचा परीक्षक असताना मी सूचनांची एक यादी केली होती. एकूण चोवीस. ‘शेवट अनपेक्षित हवा.’ ‘आईचं पात्र ठसत नाही.’ ‘छान. लिहीत राहा.’ कुठल्याही कथेला लागू पडतात. अनुभव म्हणतात तो हाच. त्यातल्या चार-चार उचलल्या, आणि प्रत्येकाला एकेक खास सूचना दिली. पंख्याच्या कथेत पहिल्या पानापासून एक आजोबा खोकत असतात. त्याला लिहिलं: ‘आजोबांना दुसऱ्याच पानावर मारा.’ लाँड्रीला लिहिलं: ‘मशीनचा आवाज फार होतो, बंद करा.’ वीस मिनिटांत दोघांना मेल गेले.

बायको शेजारी पेपर तपासत होती. एकशे वीस. म्हणाली, झालं? इतक्यात? म्हटलं, तुझ्यासारखं प्रत्येक ओळ वाचत बसलो तर लिहू कधी? म्हणाली, प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी चुकलेलं असतं हो, त्यासाठी वाचावं लागतं.

गणितवाल्यांना संक्षेप कळत नाही.

३१ जानेवारी
‘कुलूप’: खुर्ची बदलली. जुनी पाठीत रुतत होती. नवी पोटरीत रुतते. मुदत फेब्रुवारीअखेर.

१ फेब्रुवारी, दुपारी १
घोटाळा. तासाला पंख्याचा पंखा बंद होता. तरी मला काही सुचलं नाही. शेवटी तोच म्हणाला, सर, तुम्ही आवाज बंद करा म्हणालात म्हणून बंद ठेवलाय, पण फार उकडतंय, लावू का? मग ट्यूब पेटली. सूचनांच्या फायली उलटसुलट गेल्या होत्या. म्हणजे आजोबांना मारायची सूचना लाँड्रीकडे. तिच्या कथेत आजोबा आहेत की नाहीत, देव जाणे. मी तिथवर पोचलो नव्हतो.

तिला हळूच विचारलं, सूचना पटल्या का? तिने एक मशीन उघडून चादरी बाहेर काढल्या. मग म्हणाली, आजोबांच्या सूचनेवर विचार करतेय, सर.

कबूल करणार होतो. पण गुरूने शब्द मागे घेतला की शिष्यांचा पाया डळमळतो. पंख्याला फक्त पंखा लावायची परवानगी दिली.

१५ फेब्रुवारी
लाँड्रीने नवा मसुदा पाठवला. कथेत आता आजोबा आहेत आणि ते दुसऱ्या पानावर मरतात. त्यांचे धुतलेले कपडे लाँड्रीत पडून राहतात, कुणी न्यायला येत नाही. हे सगळं मेलमध्येच लिहिलं होतं, त्यामुळे वाचायचा त्रास वाचला. ‘छान. लिहीत राहा’ पाठवलं.

‘कुलूप’: समासाची रुंदी पक्की.

९ मार्च, सकाळी ११
एका साहित्य वार्षिकाच्या संपादकांचा फोन. वाटलं, माझ्याकडे कथा मागतायत. म्हणाले, तुमच्या त्या लाँड्रीतल्या मुलीची कथा घेतोय, काय लिहिलंय हो! ते आजोबा! सोळा पानांत एकदाही बोलत नाहीत, आणि सगळीकडे तेच. मी विनयाने म्हटलं, आजोबांची सूचना माझीच. ते म्हणाले, वा, मग तुमचीही पाठवा एखादी, महिनाअखेरपर्यंत.

दिवसभर विचार केला. ज्याला मी घोटाळा समजत होतो ती माझी प्रतिभाच होती. ती माझ्या नकळत काम करते. बायकोला सांगितलं. म्हणाली, नकळतच करते, कारण कळत असताना कधी दिसली नाही.

संकल्प: तीच पद्धत ‘कुलूप’ला.

२८ मार्च, संध्याकाळी ५
‘कुलूप’ पूर्ण! नऊ वर्षांचा कोंडमारा चार दिवसांत फुटला. एक निवृत्त कारकून, वडिलांचं कुलूपबंद कपाट, आयुष्यभर किल्लीचा शोध, शेवटी कपाट उघडतं, आत काहीच नाही. अंगावर काटा आला. दुसऱ्या पानावर आजोबा घातले आणि मारले. संपादकांना पाठवून दिली. प्रकाशकांनाही कळवलं: बारा झाल्या. त्यांचं उत्तर: आनंद आहे, छापून आली की भेटा.

मुखपृष्ठासाठी फोटो काढून घेतला. खांद्यावर शाल. फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा हसा. म्हटलं, मी लेखक आहे.

१४ एप्रिल
संपादकांचं पत्र. साभार परत. एकच ओळ: ‘आजोबा उगाच मेले असं वाटलं.’

उबग आला. वाचलीच नसणार. न वाचता मतं ठोकणाऱ्यांच्या हातात साहित्य गेलं की असंच व्हायचं. चहा घेतला नाही. सायीसकट ओतून दिला.

१० मे, सकाळी ९
वार्षिक आलं. बायकोने लाँड्रीची कथा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचली. गॅसवरचं दूध उतू गेलं, हिला पत्ता नाही. डोळे पुसत म्हणाली, अहो, त्या आजोबांचा शर्ट ती मुलगी रोज पुन्हा धुते, कुणी मागायला आलंच तर ताजा असावा म्हणून. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, तुम्ही वाचलीत? मी दूध पुसायला घेतलं.

कथेखाली लेखिकेचं टिपण आहे. बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं, मी नको म्हणत असताना. लाँड्री लिहिते: ‘आजोबांना मारा, अशी सूचना सरांकडून आली. माझ्या कथेत आजोबाच नव्हते. सूचना दुसऱ्या कुणाची आहे हे लगेच कळलं. म्हणजे माझी कथा कुणी वाचलेली नाही. मग मीच ती वाचायला बसले, परक्याची असल्यासारखी. तेव्हा दिसलं की कथेत खरंच एक माणूस कमी आहे. सरांचे आभार.’

बायकोने टोमणा न मारता अंक मिटून माझ्यापुढे ठेवला. तिच्या टोमण्यांचा मला वीट आला आहे, पण ते परवडले.

११ मे
टिपण पुन्हा वाचलं. शेवटी आभार मानलेत, हे महत्त्वाचं.

२४ मे, दुपारी १२.३०
शेवटचा तास. पंखा अजून एकतिसाव्या पानावरच आहे, पण त्याने कॅमेरा खाली केला. बराच लहान मुलगा निघाला. लाँड्री टिपणाबद्दल अवाक्षर बोलली नाही. मीही नाही. मग तिने विचारलं, सर, तुमच्या कथा कुठे मिळतील? मला सगळ्या वाचायच्या आहेत. माझा ऊर भरून आला. अकराही कथांची कात्रणं स्कॅन करून पाठवली. सोबत ‘कुलूप’ही. लिहिलं: संपादकांना कळली नाही, तुला कळेल. मनापासून सांग. तिचा होकार आला की कथा दुसरीकडे छापायला देतो, म्हणजे पावसाळ्यात पुस्तक.

२८ जून, सकाळी १०
लाँड्रीचं पत्र. सहा पानं. बाराही कथा वाचल्या आहेत, दोनदा.

लिहिते: ‘सर, ‘कुलूप’ मी आधी वाचली आहे. ती तुमची सातवी कथा आहे, ‘खण’. तिथे कपाटाऐवजी टेबलाचा खण आहे आणि आजोबा नाहीत. चौथी ‘पेटी’ही तीच. तिथे कारकुनाऐवजी शिक्षक आहे. दुसरी ‘तिजोरी’सुद्धा. चारही उघडतात आणि आत काही नसतं. मला वाटतं, तुम्हाला ही एकच कथा फार वर्षं लिहायची आहे. एकदा आत काहीतरी सापडू द्या ना, सर.’

काय ही हिंमत! अकरा कथांच्या लेखकाला लाँड्रीतली पोरगी शिकवणार!

दुपारी ३
कात्रणं काढून वाचली. छापून आल्यानंतर प्रथमच.

दुपारी ४.१५
बायकोला विचारलं, तिजोरी, पेटी, खण, कुलूप, तुला कधी काही जाणवलं का? पेपरांतून मान वर न करता म्हणाली, अगं बाई, म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतात करत?

संध्याकाळी ६
दुसरी, चौथी आणि सातवी मिळून एक. बारावी धरताच येत नाही. बायकोकडून पुन्हा मोजून घेतलं. अकरा नव्हेत, नऊ.

जानेवारीत पुस्तकाला एक कथा कमी होती. सहा महिने कसून काम केल्यावर आता तीन कमी आहेत.