मुंबईचा कार्यक्रम

ताई,

मी मुंबईला निघालो. बाबांना खरं काय ते तूच सांग, कारण मी सांगायला गेलो आणि घोळ झाला.

मी एवढंच म्हणालो, "रविवारी मुंबईला कार्यक्रम हाय." त्यांना वाटलं, पोरगी बघायचा कार्यक्रम. मी पुढं तोंड उघडेपर्यंत त्यांनी पिंगळीच्या काकांना फोन लावला, "पोरगं शेवटी लायनीवर आलं!" काका सोबत यायलाच निघाले होते. मुंबई बेटावर हाय, होडीत एकालाच जागा हाय, असं सांगून थांबवलं. त्यांना पटलं.

खरं म्हणजे तिथल्या एका वस्तीचा कला महोत्सव आहे. सकाळी रांगोळी, दुपारी कोळीनाच, संध्याकाळी अकरा कवी, आणि त्यांच्यातून जे लोक वाचतील त्यांच्यासाठी आठ मिनिटं माझे विनोद.

आधीच सांगितलं असतं. पण गेल्या भीमजयंतीला मी स्टेजवर बाबांचीच नक्कल केली आणि ते मधूनच उठून गेले, तेव्हापासून तो विषय घरात निघालेला नाही. आज त्यांनी माझ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, कॉलरला दोनदा. मग मला बोलवेना.

जेवण झाल्यावर सांग, आधी नको. ते रागावले नाहीत तर मला लगेच फोन कर. पोरगी कशी हाय, हे विचारतीलच. तर म्हण, बाबा, यावेळी बघायला दोनशे जण बसणार हायत, आणि पोहे घेऊन पुढं जायचंय आपल्या सिद्धोधनला.

सिद्धोधन