दहा मैल पूर्वेला

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! धाकटा भाऊ फाटकापाशी उभा होता. हात ग्रीसने काळे, तरी मिठी मारायला पुढे. माझा नवा कुडता वाचवायला मी मागे सरले, तर म्हणाला, ताईसाहेब, इथे आठ दिवसांत सगळेच काळे होतात.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, विमानं ठेवायचे दोन हँगर, कँटीन आणि धाकट्याच्या मालकाची, कॅप्टनची, उड्डाणशाळा. कंट्रोल टॉवर नाही. वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापलं सांगतात: मी इथे आहे, असा वळतोय, आता उतरतोय. बाकीच्यांनी ऐकायचं आणि सांभाळून घ्यायचं. मी रेडिओच्या खोलीत बसून वारा सांगायचा, आणि पट्टीवर काही दिसलं तर तेही. ‘उतरा’ किंवा ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. वीस वर्षं वर्गात पोरांना गप्प बसवलं. इथे सगळा कारभार लोक बोलतात म्हणून चालतो. गंमत वाटली.

आई गेल्यावर धाकट्याला मीच वाढवलं. मी शिकवायचे ते कॉलेज बंद पडलं तेव्हा ही नोकरी त्यानेच मिळवून दिली. आभार मानायला गेले तर जीभ काढून पळाला. अडतीस वर्षांचा घोडा!

६ फेब्रुवारी

दुपारी एका मुलीचा आवाज आला. स्वच्छ, शिकवल्यासारखा: दहा मैल पूर्वेला आहे, एकटी आहे, उतरायला येतेय. मी वारा सांगितला. कोणीच आलं नाही.

शेतांवर औषध फवारणारा एक म्हातारा वैमानिक इथे असतो. सगळे त्याला फवारेकाका म्हणतात. कँटीनमध्ये त्यानेच विषय काढला. म्हणाला, बाई, तुम्हालाही ऐकू आली का ती? ती उड्डाणशाळेतली विद्यार्थिनी. गेल्या वर्षी एकटीने उतरत असताना कॅप्टनने न बघता विमान पट्टीवर आणलं. ती गेली, कॅप्टनला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत कॅप्टन आणि रेडिओवाला दोघांनी शपथेवर सांगितलं की रेडिओ चालू होता, पोरगी एक शब्द बोलली नाही. चूक तिचीच ठरली.

रेडिओवाला कोण होता विचारलं, तर काका बुटाची नाडी बांधू लागले.

९ फेब्रुवारी

आज सात मैल. धाकटा माझ्या टेबलावर बसून चहा पीत होता. तिचा आवाज खोलीभर घुमत होता, कपातला चमचा थरथरत होता. आणि हा पाय हलवत म्हणाला, आज भलतंच शांत आहे गं.

काकांना, मला ऐकू येणारी ती याला ऐकूच येत नव्हती. मग विचारलं, त्या दिवशी या खुर्चीत तू होतास का. आधी हसला. मग कप खाली ठेवला. म्हणाला, आवाज बारीक केला होता, मॅच चालू होती. कॅप्टन हेडफोन काढून फोनवर बोलत होता. दोघांनीही तिला ऐकलंच नाही. पण तसं सांगितलं असतं तर शाळा बंद, तुरुंग वेगळा. म्हणाला, ताई, तू माझ्यासाठी असं केलं नसतंस का?

मी त्याचा कप उचलून विसळायला नेला. केलं असतं का, हे अजून मला कळत नाही.

१२ फेब्रुवारी

पाच मैल. रोज जवळ येते. तिच्या आवाजात राग नाही, घाई नाही. वसुलीला निघालेल्या माणसाला घाई नसतेच.

कॅप्टन खिडकीखालून शीळ घालत गेला आणि माझ्या मनात स्पष्ट आलं: ये बाई. चुकवू नकोस. असं वाटून घेणारी मी कोण? पण वाटलं. आणि बरं वाटलं. फक्त धाकट्याला सोड, एवढं मनातल्या मनात तिला सांगितलं.

१४ फेब्रुवारी

तिचे वडील आले होते. फवारेकाकांनी त्यांना सांगितलेलं. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. खटला नको, पैसे नकोत, म्हणाले. एवढंच सांगा, ऐकू येते का ती? सगळं नीट सांगते ना? घरी आरशासमोर उभी राहून पाठ करायची हो.

दारात धाकटा उभा होता. माझ्याकडे बघत होता, लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसा. मी हो म्हटलं की प्रश्न सुरू होणार, चौकशी पुन्हा—

मी म्हटलं, नाही. काही ऐकू येत नाही.

त्यांनी माझे आभार मानले. आभार!

१५ फेब्रुवारी

फवारेकाका म्हणाले, कालपासून पोरगी गप्प आहे. सुटली बहुतेक. मी म्हटलं, असेल.

ते हे म्हणत असताना ती बोलत होती. दोन मैल. आता फक्त मला ऐकू येते.

१६ फेब्रुवारी

कॅप्टन आणि धाकटा दुरुस्त केलेलं विमान तपासायला घेऊन गेलेत. आत्ता पट्टीच्या तोंडाशी उभे आहेत. ती शेवटचं वळण घेतेय.

बटण दाबून ओरडले— मागे विमान आहे, पट्टी सोडा. धाकटा म्हणाला, ताई, आभाळ रिकामं आहे, चष्मा बदल. कॅप्टन मागे हसला.

पुन्हा ओरडले. ऐकत नाहीत.

ती म्हणतेय, उतरत नाही. वर जातेय. त्यांच्या डोक्यावरून—

गेली. त्यांना काही झालं नाही. त्यांनी उड्डाण केलं. धाकटा वरून पंख हलवतोय. वाचला. रडू येतंय. का सोडलं तिने?

तेच लिहिते. त्यांनी तिला ऐकलंच नव्हतं. खोटं बोलले, पण ऐकलं नव्हतं. ऐकून ‘नाही’ म्हणणारी फक्त—

वळली. पुन्हा येतेय.

वडिलांना फोन लावतेय. घंटा वाजतेय. उचला हो. उचला, सांगते, सगळं नीट बोलते ती, एक शब्द चुकत नाही—

सगळ्या काचा थरथरतायत. धावपट्टीचं नाव घेत नाहीये. शांतपणे सांगतेय, सरळ येतेय, उतरतेय, रेडिओच्या खो