मैत्रीच्या डोक्याएवढी खाच

पालम

प्रिय सुकेशनी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं बरं आहे, म्हणजे जेवायलोत, कामं करायलोत. फोन केला की तुझे बाबा उचलतात. "पडलीय ती" म्हणतात. मग मी आणि किशनराव, सासरे-जावई, चारठाण्याला ऊन कसंय नि पालमला कसंय एवढं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहायलोय. मी फळीवर पेन्सिलीनं मापं टाकणारा सुतार माणूस, मला कुठं येतंय पत्र लिहायला? वाकडंतिकडं सांभाळून घे.

पुण्याच्या कंपनीचं खोकं आलं. तुझ्या नावाची युकुलेली आलीय गं. नमुना म्हणून एकच बनवलीय. तू वाजवून बघायची आणि हो की नाही ते या महिन्यात कळवायचं. हो म्हणालीस तर तशाच्या तशा बनून तुझ्या नावानं दुकानांत लागतील. नाही म्हणालीस, किंवा अशीच गप्प राहिलीस, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतील. डिझाइन करणारी ती प्रियांका, आपल्या दुकानात भुशात मांडी घालून बसली होती बघ, तिचे फोनवर फोन यायलेत. काय सांगू तिला?

देखणी आहे, खोटं कशाला बोलू. वर खुंट्यांपाशी पिंपळाचं पान कोरलंय. गोल भोकातून आत बघितलं की चिठ्ठीवर तुझी सही दिसते. हात फिरवला तर कुठं जोड लागत नाही. मला आठवलं, लग्न होऊन आलीस तेव्हा पेटीतून पहिली युकुलेली काढलीस, परभणीच्या होस्टेलातल्या मैत्रिणीनं दिलेली. आई कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पोरी, ही गिटार अजून वाढायची हाय का?" सगळी गल्ली त्याला गिटारीचं पिल्लू म्हणायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं त्या पिल्लाचं पोट उललं, तू दोन घास खाल्ले नाहीस, आणि मी ऐटीत म्हणालो, लाकूडच आहे की, मी सुतार कशाला झालो? पाडलेल्या घराच्या सागवानी दारातून कोरलेली माझी पहिली युकुलेली तुपाच्या डब्यासारखी वाजली. लय हसलीस तू. नवऱ्याला असं हसतात का म्हणून आई तुला रागवली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. पण त्यानंतरची गायली गं. त्या दिवशी मला वाटलं, आपण दारं-खिडक्यांच्या पलीकडचे झालो.

मग मैत्री आली, आपली लेक. आपल्या बाईला पाळण्यात झोप लागायची नाही, मांडीच लागायची. तू मांडीवर तिला घेऊन वाजवायला बसलीस की युकुलेलीची खालची कड तिच्या कपाळाला रुतायची, लाल वळ उठायचा. तू वाजवायचंच सोडलंस. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती आणि स्टेजवर पाळणा तूच म्हणायचा हे सगळ्या वस्तीनं ठरवलेलं. तेव्हा मी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, झोपलेल्या मैत्रीच्या डोक्याखाली सरकवला आणि पेन्सिल फिरवली. मध्येच तिनं मान वळवली, रेघ एका जागी हलली. मी ती हललेली रेघसुद्धा तशीच कोरली. सगळं पोट एका लाकडातलं, कड जाड ठेवलेली, त्यामुळं खाच पाडता आली. मग कसं झालं! तू वाजवायचीस आणि ती त्या खाचेत डोकं घालून घोरायची.

जयंतीला शेजारच्या मनिषानं मोबाइलवर घेतलेलं तेच तर सगळीकडं गेलं. फुलं लावलेला पाळणा बाया हलवायलेत, तू गायलीस, लाउडस्पीकर कान फाडायलाय, आणि आपली लेक खाचेत गाढ. प्रियांका आली ते त्या खाचेसाठीच. "आवाज गोड आहेच मॅडम, पण अशी युकुलेली कुणाकडंच नाही," असं तोंडावर म्हणाली, आणि तू एक दिवस रुसलीस, खाचेपुढं आवाज मागं पडला म्हणून. ही खाच कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा तू मैत्रीला उचलून तिच्यापुढं धरलंस. "हिचं डोकं मावायला," म्हणालीस. तिनं टाळ्या वाजवल्या. तुझ्या तोंडावर त्या दिवशी जे होतं ते मला आता डोळे मिटले तरी दिसतं.

मग ताप आला. ते लिहीत नाही. तुला माहीत, मला माहीत.

सुकेशनी, या नमुन्यात खाच नाही. खालची कड सरळ गोल आलीय, कुठल्याही दुकानातल्या युकुलेलीसारखी. मला वाटलं कारखान्यात चुकलं. प्रियांकाला फोन लावला तर ती रडायलाच लागली. मैत्रीचं त्यांना कळलं होतं. सगळ्यांनी बसून ठरवलं म्हणे, आईच्या डोळ्यापुढं ते परत कशाला आणायचं? "मॅडमना त्रास नको म्हणून आम्ही काढली, दादा." मी तिच्यावर कसा चिडू? चांगली पोरगी आहे.

सगळे चांगलेच आहेत. आईनं झोका सोडला तोही चांगुलपणानंच. आढ्याला दोरीचे वळ तेवढे राहिलेत. कपडे देऊन टाकले, फोटो कपाटात उलटा ठेवला, शेजारच्या बाया आपल्या लेकरांना दारातून आत ओढायला लागल्या. सुकेशनीसाठी, सुकेशनीसाठी. तिच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा तिचं नाव सोडून बाकी सगळं बोलून घेतलं. पाऊस बोलले, कापूस बोलले. आणि तू हळूहळू बोलायची बंद झालीस, मग बाबांबरोबर एसटीत बसलीस.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. तू माझं नाव कधी घेतलं नाहीस. आधी अहो म्हणायचीस. मैत्री झाल्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक, "मैत्रीचे पप्पा, जेवायला या!" शेजारची पोरं चिडवायची मला. ती गेल्यापासून तू मला कशानंच हाक मारली नाहीस. काही लागलं तर जवळ येऊन नुसती उभी राहायचीस. मी रंधा थांबवून वाट बघायचो, आता म्हणशील, निदान अहो तरी म्हणशील. तू बोटानं दाखवायचीस. मला समजायचं गं, तुझ्याकडं शब्दच उरला नव्हता. पण त्या वाट बघण्यानं माझा जीव जायचा.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. काल मी तो पुठ्ठा काढला, कंपनीच्या युकुलेलीवर ठेवला आणि करवत चालवली. तिची कड पापडासारखी पातळ, कापली की पोट उघडं पडणार हे मला माहीत होतं, सुतार आहे मी. तरी कापली, हललेल्या रेघेसकट. भलंमोठं भगदाड पडलं, तारा सैल झाल्या, आतली तुझी सही उघड्यावर आली. नमुना संपला. तुझ्या हातातोंडाशी आलेलं मी तुला न विचारता मोडलं, मला शिव्या दे. पण तुझं नाव घालून मैत्रीला जागा नसलेली वस्तू दुकानात लटकलेली मला बघवली नसती. ती मांडीवर घेऊन तू बसायचीस तसा बसलो. भगदाडाखाली मांडी मोकळी. मग मी मोठ्यानं तिला हाक मारली, मैत्री, ये मैत्री. आई ओल्या हातानं मोरीतून पळत आली, माझ्याकडं बघून शेजारी बसली, आणि तिनंही हाक मारली. आम्ही दोघं मायलेकं हाका मारत बसलो, वेड्यासारखी. कुणी ओ दिली नाही. कंपनीला काय कळवायचं ते तू ठरव, पुठ्ठा मी कुणाला दिलेला नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच. परत ये असंही म्हणत नाही, या घरात काय आहे तुला यायला? फक्त मी फोन करीन तेव्हा एकदा तू उचल आणि मला त्या जुन्या नावानं हाक मार. ती हाक मारणारं जगात तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि ती बंद झाली तर मी कुणाचा बाप होतो हे मलाच खरं वाटणार नाही.

तुझाच,
मैत्रीचे पप्पा